मोंढ्यातला काटा, कायद्यातला ग्राहक

औंढा नागनाथच्या परिसरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाजारात कुणी नाडला जात असेल, तर तो बहुतेक वेळा माल विकायला आलेला कुणबी असे. विकत घेण्याची वेळ त्याच्यावर फारशी यायचीच नाही. ज्वारी शेतातली, डाळ शेतातली, पुढच्या पेरणीचे बी कणगीत राखून ठेवलेले. मीठ, गूळ, कापड, लोखंडाची चार अवजारे एवढाच काय तो वाण्याशी संबंध. रोख पैसा दिसायचा तो कापसाची नाहीतर धान्याची गाडी मोंढ्यात रिकामी झाल्यावर, आणि तो किती दिसायचा हे काट्यावर ठरायचे. या भागातले ग्राहक संरक्षण १९८६ च्या कायद्यापासून मोजायला बसले की हा माणूस हिशेबातून गळतो. त्याला संरक्षण देण्याचे प्रयत्न त्या कायद्याच्या शंभर वर्षे आधीपासून चालले होते, आणि ते ग्राहकासाठी नव्हतेच मुळी.

औंढा तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. दक्षिणेला पूर्णा, हिंगोलीजवळून वाहणारी कयाधू, उत्तरेला पैनगंगा. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड. ते नावाला निजामाचे, पण १८५३ च्या तहापासून कारभार इंग्रजांच्या हातात. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, त्यामुळे तिथला बाजार आसपासच्या गावांपेक्षा मोठा. १९०० मध्ये मनमाडपासून हैदराबादकडे गोदावरीच्या खोऱ्यातून रेल्वे झाली, १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीला फाटा आला, आणि या मुलखातला कापूस मुंबईच्या भावाशी बांधला गेला. औंढ्याला रेल्वे नव्हती. तिथला माल बैलगाडीने हिंगोलीला किंवा वसमतला जायचा.

औंढ्याचे नाव झाले ते नागनाथामुळे. यादवकाळातले हेमाडपंती देऊळ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून लांबून येणारे यात्रेकरू, महाशिवरात्रीची गर्दी, संत नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर इथेच भेटले ही परंपरा. जवळच्या नरसीच्या या नामदेवांची भाविक आणखी एक गोष्ट सांगतात. बापाने कापड विकायला बाजारात धाडले, तर पोराने ते रस्त्यातल्या धोंड्यांना उधार देऊन टाकले आणि पैशांची हमी म्हणून एक धोंडा जामीन धरून घरी आणला. गोष्टीत त्या धोंड्याचे सोने होते. मोंढ्यात उधार टाकलेल्या मालाचे असे होत नसे.

मोंढ्यात काय व्हायचे ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे कायदे त्याच्याशीच भांडत आले आहेत. गाडी आली की पहिल्यांदा गाठ पडायची अडत्याशी. अडत्या शेतकऱ्याच्या वतीने माल विकून द्यायचा, तसे त्याचे पैसेही घ्यायचा. पण शेतकरी वर्षातून दोनदा येणार आणि खरीददार रोज समोर बसणार, तेव्हा अडत्याला भीड कुणाची असायची हे सांगायला नको. भाव ठरायचा रुमालाखाली. अडत्या आणि खरीददार एका फडक्याखाली हात घालायचे, बोटे दाबून आकडा सांगायचे, मान हलवायचे. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडे पाहायचा. भाव ठरला की तोल. मापाडी व्यापाऱ्याच्या ओट्यावरचा. तागडीला पासंग असायचा, दांडी मारायची हातोटी असायची, आणि काही ठिकाणी माल घ्यायची वजने वेगळी, द्यायची वेगळी. तोलून झाले की कपात सुरू. ओल आहे म्हणून कडता, माती-कचरा आहे म्हणून सूट, नमुना म्हणून ओंजळी, मग अडत, हमाली, तोलाई, आणि सगळ्यांच्या वर धर्मादाय: गोशाळा, पाणपोई, एखादे देऊळ. पाणपोईवर नाव लागायचे शेटजींचे. पैसा गेलेला असायचा गाडीवाल्याचा.

धान्य वजनावर न देता मापावर दिले तर आणखी एक गंमत होती. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी दुपटीने चढत जाणारी मापे होती. त्यापुढे मण आणि खंडी. खंडी वीस मणांची, यावर सगळीकडे एकमत. मण किती पायल्यांचा, यावर मात्र गाव बदलले की मत बदलायचे. कुठे १२, कुठे १६. आणि पायली एकच असली तरी ती भरायच्या तऱ्हा दोन. घेताना शिगोशीग, वरून धान्य ओघळेपर्यंत. देताना काठावरून हात फिरवून सपाट. शीग ही कुणी लेखी लावलेली कपात नव्हती, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नसे. पायलीमागे ओंजळभर धान्य असे जायचे आणि दोघांच्याही मते माप पुरे झालेले असायचे.

या सगळ्यावर नाण्याचा घोळ होता. निजामाचा रुपया हाली शिक्क्याचा, इंग्रजांचा कलदार. शंभर कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहाला सात. सरहद्दीवरच्या व्यवहारात भाव कलदारात बोलला जाणे आणि पैसे हालीत मोजले जाणे अवघड नव्हते, आणि अदलाबदलीचा बट्टा कुणी सोसायचा हा प्रश्नही ठरलेल्याच माणसाकडे यायचा. अक्षरओळख नसलेल्या माणसाला एका सौद्यात दोन वजने, दोन नाणी आणि दहा कपाती यांचा हिशेब तोंडी करावा लागे. त्यातून जो रुपया हातात यायचा तो सावकाराचा असायचा. सावकार बहुधा मोंढ्यापर्यंत जायची वेळच येऊ द्यायचा नाही. खळ्यावरच माल तोलून न्यायचा.

पहिला कायदा पैनगंगेच्या पलीकडे झाला. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने वऱ्हाडात कारंजा इथे, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला, कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला हा पहिलाच. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. यामागे शेतकऱ्याचा कळवळा होता असे मानायचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस बेताच्या भावात हवा होता, आणि तो मिळायचा तर मोंढ्यातला गोंधळ थोडा आवरणे भाग होते. बाजार चालवणाऱ्या समित्यांवर व्यापारी आणि नगरपालिकेची माणसे. कापूस पिकवणाऱ्याला तिथे आवाज नव्हता. तरीसुद्धा जागा ठरली, बाजाराचे दर ठरले, दलालांना आणि मापाड्यांना परवाने आले. कुणाच्या का स्वार्थाने होईना, काट्याभोवती पहिल्यांदा सरकारी माणूस उभा राहिला. कायद्याचा हेतू आणि कायद्याचा उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे या भागाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

अलीकडच्या बाजूला, औंढा-हिंगोलीत, असे काही व्हायला आणखी चार दशके गेली. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात बाजारातल्या या लबाड्या मांडल्या आणि नियंत्रित बाजार व एकसारखी वजनेमापे यांची शिफारस केली. निजाम सरकारने १३३९ फसलीत, म्हणजे १९३० मध्ये, हैदराबाद कृषी बाजार कायदा केला. पण तो सरकारने जाहीर केलेल्या बाजारांपुरता होता. आठवडी बाजार, सावकाराचा ओटा, खळे या ठिकाणी तो पोचत नव्हता, आणि औंढ्यासारख्या गावचा बराचसा व्यवहार तिथेच चालायचा. दुसऱ्या महायुद्धात लेव्ही आली, धान्याचा ठरावीक हिस्सा सरकारला घालायची सक्ती झाली, आणि काट्याच्या पलीकडे व्यापाऱ्याऐवजी सरकार दिसू लागले. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो बदल किती सुखाचा होता, हे लेव्ही आठवणारी म्हातारी माणसे वेगळे सांगायची.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. हाली रुपया मात्र एका दिवसात गेला नाही. काही वर्षे दोन्ही नाणी एकाच खिशात खुळखुळत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. परभणीचे कागद हैदराबादऐवजी मुंबईला जाऊ लागले. नेमका हाच काळ वजनेमापे बदलण्याचा होता. १९५६ च्या अखेरीस केंद्राचा प्रमाणित वजनेमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ मध्ये मुंबई राज्याने अंमलबजावणीचा कायदा केला, आणि १ एप्रिल १९६२ पासून किलो-लिटर सक्तीचे झाले. औंढ्याच्या माणसाने पाच-सहा वर्षांच्या आत राज्य, नाणे आणि वजन तिन्ही बदललेली पाहिली. एवढे बदल पचवणारी पिढी आपण अडाणी म्हणून मोडीत काढतो, हे मला नेहमी अन्यायाचे वाटत आले आहे.

बदलातला तोटा कुणाला झाला हे समजायला साधे गणित पुरते. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. वाण्याने किलोचा भाव लावला आणि जुना शेर घातला, तर किलोमागे ६७ ग्रॅम गेले. शंभरातले जवळजवळ सात. मराठवाड्यात धान्याच्या भावाची बोली पल्ल्यावर असायची. पल्ला तीन मणांचा, म्हणजे १२० शेरांचा, म्हणजे ११२ किलोंना अगदी थोडा कमी. क्विंटल शंभर किलोंचा. व्यापाऱ्याने क्विंटलचा भाव सांगून पल्ला तोलून घेतला, तर पल्ल्यामागे बारा किलो माल फुकट. उलट दिशेनेही चूक होऊ शकली असती, पण चुका कोणत्या दिशेने होतात हे तागडी कुणाच्या हातात आहे त्यावर असते.

या धामधुमीत एक नवा सरकारी माणूस तयार झाला: वजनेमापे निरीक्षक. षट्कोनी लोखंडी वजने आली. त्यांच्या तळाला खळगा, खळग्यात शिसे, आणि त्या शिशावर पडताळणीचा शिक्का. शिक्क्यात निरीक्षकाची खूण आणि पडताळणी कोणत्या वर्षी, कोणत्या तिमाहीत झाली त्याची खूण. शिशाचीच जागा निवडली, कारण वजन थोडे जास्त-कमी असेल तर ते तिथेच नीट करता येते आणि मऊ धातूवर शिक्का चांगला उमटतो. शिसे कोरून वजन हलके करणारेही निघालेच. मग शिक्का मोडलेला सापडला की गुन्हा. खात्याची नावे पुढे बदलत गेली. १९७६ मध्ये नवा कायदा, १९७७ मध्ये पुडक्यावर वजन, किंमत, महिना छापण्याचे नियम, आणि २००९ च्या कायद्यानंतर वैध मापन शास्त्र यंत्रणा. ती आज अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाखाली आहे. लोखंडी वजनांची आणि तागडीची पडताळणी दोन वर्षांतून एकदा, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी. ज्या तालुक्यात मणाच्या पायल्यांवर एकमत नव्हते, त्याच औंढा तालुक्यात आता लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे, जी अणुकेंद्राहूनही कितीतरी लहान फरक मोजणार आहे. आठवडी बाजारातल्या काट्याचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असते का, हे मात्र अजून पाहून घ्यावे लागते.

विकणाऱ्यासाठी नेटका कायदा महाराष्ट्राने १९६३ मध्ये केला आणि तो १९६७ पासून लागू झाला. बाजार समित्या, त्यांवर शेतकऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी, परवानाधारक अडते आणि मापाडी, उघडा लिलाव. मोंढ्यात हर्राशी मोठ्याने बोलली जाऊ लागली आणि रुमाल गळ्यात राहिला. समित्यांचे पुढे काय झाले, त्यांत कुणाची घराणी बसली, हा वेगळा विषय आहे. भाव कानावर पडू लागला ही गोष्ट मात्र लहान नव्हती.

१९७२ च्या दुष्काळाने ज्वारी पिकवणाऱ्यालाही घेणाऱ्यांच्या रांगेत उभे केले. खडी फोडायला गेलेले हात संध्याकाळी कंट्रोलच्या दुकानासमोर. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, सुकडी, आणि घरची ज्वारी आठवत खाल्लेल्या भाकरी. त्याच वर्षांत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, आणि १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. या चळवळीचा चेहरा शहरी होता. तेल, साखर, रॉकेल, भेसळ, साठेबाजी हे तिचे विषय. त्यात खोट काही नव्हती. पण शहरातल्या घरात जो ग्राहक राजा होता, तो औंढ्याच्या शिवारात अजून तयार व्हायचा होता.

तो तयार केला संकरित बियाण्याने. १९६४ मध्ये ज्वारीचे सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९६६ मध्ये बियाणे कायदा झाला, १९७६ मध्ये अकोल्याला महाबीज हे राज्याचे बियाणे महामंडळ. संकरित वाणाचे बी घरी राखून चालत नाही. दर वर्षी नवे घ्यावे लागते. ज्याची आजी राख लावून बी गाडग्यात ठेवायची, तो दर मृगाला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पैसे मोजू लागला. खत, औषधे, पंप, पुढे ट्रॅक्टर. २००२ नंतर बीटी कापसाची पाकिटे. शेतकरी विकताना फसायचा तो आता विकत घेतानाही फसू लागला, आणि विकत घेतानाचा तोटा मोठा होता. काट्यावर पायलीमागे ओंजळ जायची. बी उगवले नाही तर सबंध वर्ष जायचे.

२४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. जिल्ह्याला मंच, राज्याला आयोग, दिल्लीत राष्ट्रीय आयोग. जिल्हा मंचात एक अध्यक्ष आणि दोन सदस्य, त्यांत एक बाई असलीच पाहिजे. सुरुवातीला एक लाखापर्यंतचे दावे. वकील लागलाच पाहिजे असे नाही, साध्या कागदावर तक्रार चालेल, तीन-पाच महिन्यांत निकाल लागावा अशी अपेक्षा. निकालाच्या मुदतीचे काय झाले ते तारखांना गेलेले लोक जाणतात. औंढ्यासाठी जिल्ह्याचे गाव परभणी होते. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला आणि पुढे दाद मागायचे ठिकाण जवळ आले. एसटीचा दीड तास वाचणे ही रोजंदारीच्या माणसासाठी कायद्यातल्या दुरुस्तीइतकीच मोठी गोष्ट असते.

जिल्हा मंचांत ग्रामीण महाराष्ट्रातून ज्या तक्रारी गेल्या, त्यांत मला सर्वांत बोलकी वाटते ती अपघात विम्याची. राज्य सरकारने २००५-०६ पासून शेतकऱ्यांसाठी व्यक्तिगत अपघात विमा सुरू केला. हप्ता सरकार भरणार, साप चावून, वीज पडून, विहिरीत पडून किंवा रस्त्यावर शेतकरी दगावला तर घरच्यांना एक लाख. पुढे नाव बदलले, रक्कम दोन लाख झाली. दावा नाकारायला विमा कंपन्यांकडे कागद पुष्कळ होते. सातबारा आहे पण फेरफार नाही. मोटारसायकल चालवत होता, परवाना नाही. व्हिसेराचा अहवाल आलेला नाही. अर्ज मुदतीनंतर आला. नवरा गेल्यावर तेराव्याच्या आत तलाठ्याकडे धावणारी बाई तशी कमीच. कंपन्यांचा आणखी एक युक्तिवाद असे: हप्ता सरकारने भरला, मग ही बाई आमची ग्राहक कशी? कायद्यात त्याचे उत्तर होते. सेवेचा ज्याला लाभ व्हायचा तोही ग्राहक. पैसे कुणी मोजले याला महत्त्व नाही. राज्यभरातल्या मंचांनी असे दावे मोठ्या संख्येने मंजूर केले. ज्या बाईने आयुष्यात बाजारातून स्वतःच्या नावावर काही घेतले नव्हते, ती ग्राहक म्हणून निकालपत्रात आली.

बियाण्याचा झगडा जास्त लांबला. कंपन्यांचे म्हणणे दोन बाजूंनी असायचे. एक, शेतकरी पीक विकतो, म्हणजे त्याने बी व्यापारासाठी घेतले. व्यापारी हेतूने घेतलेल्या मालासाठी ग्राहक कायदा नाही. दोन, बी सदोष होते हे सिद्ध करायला त्याच बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासा. आता पिशवीतले सगळे बी मातीत पेरलेल्या माणसाने नमुना आणायचा कुठून? १६ जानेवारी २०१२ ला नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या आंध्र प्रदेशातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वाटा बंद केल्या. शेतकरी ग्राहक आहे, बियाणे कायदा आहे म्हणून ग्राहक मंचाचे दार लागत नाही, आणि पुढे भांडण होईल असे धरून शेतकऱ्याने मूठभर बी राखून ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही. आजीच्या काळात घरात बी राखायचे ते पेरायला; आता कोर्टासाठी राखायचे का, असा तो सवाल होता.

२०२० च्या जूनमध्ये या निकालाची गरज मराठवाड्याला पडली. आधीच्या वर्षी काढणीच्या दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस सोयाबीनच्या अंगावर आला होता. सोयाबीनचे टरफल पातळ. ओलीत आणि मळणीत मार लागला की दाणा बाहेरून धड दिसतो, आतून मेलेला असतो. त्यातूनच बरेचसे बियाणे तयार झाले. पेरण्या झाल्या आणि शेते रिकामी राहिली. तक्रारींचा ढीग पाहून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तालुक्याची तक्रार निवारण समिती बांधावर जाते, कृषी विद्यापीठाचा शास्त्रज्ञ सोबत असतो, चौकोन आखून उगवलेली रोपे मोजतात, पंचनामा होतो. सोयाबीनची किमान उगवण सत्तर टक्के हवी. कंपनीचा माणूस म्हणतो, पुरेसा पाऊस व्हायच्या आधी पेरले, खोल पेरले, ट्रॅक्टरने पेरले. कधी कधी ते खरेही असते. म्हणून पंचनाम्यात पेरणीची तारीख, पावसाची नोंद, खोली हे सगळे यावे लागते, आणि शेतकऱ्याजवळ पिशवी, लेबल आणि पक्की पावती हवी. उधारीवर घेतलेल्या बियाण्याची पावती दुकानदार नंतर देतो म्हणतो. तिथे प्रकरण अडते. मोंढ्यातल्या जुन्या उधारीने माणूस बांधला जायचा, या उधारीने पुरावा बांधला जातो.

त्याच वर्षी २० जुलैला २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला. मंचाचे नाव आयोग झाले. औंढ्याच्या दृष्टीने त्यातली एकच तरतूद महत्त्वाची: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी हैदराबादची असो की गुरुग्रामची, तिला हिंगोलीला यावे लागते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते. १९१५ हा हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वऱ्हाडातल्या १८८६ च्या हुकुमापासून इथपर्यंत यायला १३४ वर्षे लागली.

आता हिंगोली-वसमतचा मोंढा हळदीचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. औंढा तालुक्यातला शेतकरी जूनमध्ये सोयाबीनची पिशवी घेतो तेव्हा ग्राहक असतो. तेच सोयाबीन दिवाळीच्या सुमाराला मोंढ्यात नेतो तेव्हा नसतो. हळदीच्या पोत्यामागे कुणी मनाने किलो कापला, तर तक्रार बाजार समितीच्या सचिवाकडे, वर जिल्हा उपनिबंधकाकडे. काट्याबद्दल शंका असेल तर वैध मापन निरीक्षकाकडे. व्यापारी पैसे बुडवून पळाला तर पोलिसांत. हीच हळद त्याने न विकता भाडे भरून गोदामात ठेवली आणि छप्पर गळून ती भिजली, तर मात्र त्याने सेवा विकत घेतलेली असते, आणि मग हिंगोलीच्या ग्राहक आयोगाचा रस्ता त्याला मोकळा आहे.